थांबायचा सांगावा

अक्का, तू जाऊन अजून महिना व्हायचाय आणि शोभा माझ्यावर पाळत ठेवून आहे. मी तांब्या उचलला की किती पाणी प्यालो ते बघते. मोरीत गेलो की दाराबाहेर तिच्या बांगड्या वाजतात. "काय गं?" म्हटलं तर म्हणते, "काही नाही, धुणं काढायचं होतं." धुणं बाहेर दोरीवर वाळत असतं. परवा जेवताना पाठीला खाज आली म्हणून हात मागं नेला, तर तिच्या हातातली पळी तशीच आमटीवर थांबली.

"दुखतंय का हो?"

"खाजतंय."

तरी ती जेवायला बसली नाही.

तिच्या मनात हे कुणी भरवलं ते मला ठाऊक आहे. तुझ्याच गावात, तुझ्या अंगणात, तुला अजून बाहेर काढलंही नव्हतं तेव्हा बायका बोलत होत्या. जित्या माणसाची एक किडनी आज जळणार. आता ती दुसरीला हाक मारणार. जोडीतली हाय, एकटी कशी ऱ्हाईल?

मी घरातला पहिला बीएस्सी. साताऱ्याला हायस्कुलात शास्त्र शिकवतो, फळ्यावर घेवड्याच्या बियांसारख्या दोन किडन्या काढतो आणि पोरांकडून नावं पाठ करून घेतो. असल्या बोलण्याला मी हसायला पाहिजे होतं. हसलो नाही. कारण एक किडनी गेली की दुसरीला कळतं, हे तर खरंच आहे. त्या बायकांना ते कुठून कळलं कुणास ठाऊक. आपण दोघांनी ते डॉक्टरच्या तोंडून ऐकलं होतं.

तुझे पाय सुजले ते ऑक्टोबरच्या छाटणीच्या दिवसांत. तासगावकडच्या बायका छाटणीत दिवसभर उभ्या असतात, म्हणून तू म्हणालीस, उभं राहून सुजलेत. मग तोंड सुजलं. सांगलीच्या डॉक्टरांनी रक्त बघितलं आणि दाजींना बाहेर बोलावलं. दोन्ही किडन्या गेलेल्या. दाजी लगेच स्वतःची द्यायला तयार झाले, पण त्यांचा रक्तगट जमेना. नवरा-बायकोचं रक्त जमत नाही यात काय कमीपणा? पण दाजी दोन दिवस दवाखान्याच्या पायरीवर मान खाली घालून बसले होते, जणू काही लपवलेलं उघडं पडलंय.

माझं जमलं. तू ऐकून आधी रागावलीस.

"भाऊबीजंला लुगडं आण म्हणलं हुतं रं तान्या. ही कसली ओवाळणी?"

"लुगडं जुनं होतं, अक्का."

"आन् ही न्हाई व्हायची व्हय जुनी?"

मी म्हणालो, नाही. तेव्हा मला तसंच वाटत होतं.

पुण्यात ऑपरेशन झालं. माझी डावी काढली, तुला बसवली. शुद्धीवर आल्यावर तू डॉक्टरांना पहिलं विचारलंस ते जुन्या दोन काढल्या का. ते म्हणाले, नाही, त्या मागं आहेत तशाच असू देतात, त्रास नसला तर कुणी काढत नाही.

"म्हंजी दोन मडी नि एक पाव्हणा, एकाच खोलीत?"

सगळा वॉर्ड हसला. नर्सही हसली. तू हसली नाहीस. "भांडत्याली न्हवं का?"

"मेलेली कशाला भांडतील, आजी?" डॉक्टर म्हणाले.

"आजी कुणाला म्हंतासा? आन् मेल्याली भांडत न्हाईत म्हणणारं तुमी आमच्या गावाला कवा आल्याला न्हाईसा."

नवी किडनी पाठीत नाही बसवत. पुढं, उजव्या अंगाला, कमरेच्या हाडाच्या खोबणीत ठेवतात. वरून हाताला लागते. तेव्हापासून तुझा उजवा तळवा पदराखाली कायम तिथं असायचा. भाकरी थापताना डावा हात परातीत आणि उजवा पोटावर, अशी तू कशी थापायचीस ते दाजींनाच ठाऊक. पाहुणेरावळे विचारायचे, माहेराला गेलीस का गं एवढ्यात? तू म्हणायचीस, "लोकांचं माहेर शिवंपल्याड असतंय, माझं पोटात हाय. जायाचं कुठं?"

ते ऐकून मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, अभिमान वाटायचा.

मग ती सोनोग्राफी. वर्ष उलटल्यावर तुझ्या तपासणीला मी सांगलीला आलो होतो. डॉक्टर म्हणाले, तुम्हीही झोपा, तुमची उरलेली बघून घेऊ. काचेवर करडं धुकं हललं, त्यात एक काळपट आकार. डॉक्टर म्हणाले, "वा, उजवी छान वाढलीय." मला वर्गातलं एखादं मागच्या बाकावरचं पोरगं पास झाल्यासारखं वाटलं. तू मात्र स्टुलावरून उठलीस.

"वाढलीया?"

"हो. दोघींचं काम एकटीला करायचंय ना."

"पर डावी गेली, हे तिला कुणी सांगितलं?"

डॉक्टर तरुण होते, नवे होते, त्यांना असा प्रश्न आवडला. खुर्ची ओढून ते बसले. म्हणाले, शरीर आपल्याआपल्यात सांगावे धाडत असतं. ग्रोथ फॅक्टर म्हणतात त्यांना. अगदी बारीक पदार्थ. पेशीच्या अंगावर त्यांची बसायची ठरलेली जागा असते. तिथं जाऊन बसला की पेशीच्या आत हुकूम सुटतो, वाढ, भरून काढ, दुरुस्त कर.

तू एवढंच ऐकलंस. "म्हंजी एक मेली की दुसरीला कळतंय."

"मेली नाही हो, गेली."

"गेली म्हंजी त्येच की."

येताना एसटीत तू माझ्याकडं न बघता विचारलंस, "आता कुठवर वाढायची?"

"वाढून झाली. थांबली."

"कुणी थांबीवली?"

"पुरे झालं की थांबायचाही सांगावा येतो."

"आन् न्हाईच आला तर?"

"येतो, अक्का." असं मी शाळेतल्या आवाजात म्हणालो. तासगाव येईपर्यंत तू खिडकीबाहेर ऊस बघत बसलीस.

त्यानंतर प्रत्येक भेटीत तू विचारायचीस, तुझी केवढी झाली? लोक पोरांची चौकशी करतात तशी. मला हसू यायचं. एकदाच आलं नाही. मी साताऱ्यात तापानं पडलो होतो. सकाळीच चढलेला, शाळेलाही अजून कळवलं नव्हतं. शेजारच्या दुकानदाराचा माणूस आला, मास्तर, तासगावकडनं फोन आहे. चादर पांघरून गेलो.

"तान्या, अंग तापलंय न्हवं?"

"तुला कुणी सांगितलं?"

"सकाळधरनं हितं ऊन ऊन लागतंय."

मी तिथंच, साखरेच्या पोत्याला टेकून, तुला शास्त्र सांगितलं. त्या किडनीचा आता माझ्याशी काही संबंध नाही. तिला तुझं रक्त मिळतं. मधे नस नाही, तार नाही.

"तार नसंना. गाय हंबारली की वासराला तार लागतीया व्हय? गोळी घे आन् पड."

मी योगायोग म्हणालो. आजही योगायोगच म्हणतो. पण दुकानातून घरी येईपर्यंत दोनदा मागं वळून बघितलं, हेही खरं.

मग तुझा रक्तदाब चढायला लागला. दर तपासणीत रक्ताचा आकडा थोडा वर. गोळ्या वाढल्या, बदलल्या. दाजी वेळ चुकू द्यायचे नाहीत, बागेत असशील तर मांडवाखाली गोळी नि पाण्याची बाटली घेऊन यायचे. शेवटी डॉक्टरांनी सुई घालून किडनीचा बारीक तुकडा काढून तपासला आणि मला एकट्याला आत बोलावलं.

ते म्हणाले, शरीर तिला परकी समजून हळूहळू ओरबाडतंय. गोळ्यांनी ते कमी होतं, थांबत नाही. आणि प्रत्येक ओरबाड्यावर दुरुस्तीचा सांगावा येतो, त्याच जातीचा, ज्यानं तुमची उजवी वाढली. धागे आणा, विणा, भरून काढा. जखम भरते. पण थांबायचा सांगावा येत नाही. विणकाम चालूच राहतं. सगळा व्रण होत चाललाय. बरं करणारंच बरं करता करता मारतंय.

एसटीत तू विचारलेलं मला तेव्हा आठवलं. डॉक्टरांना सांगितलं नाही.

हे तुला कसं सांगायचं म्हणून मी द्राक्षाचा आधार घेतला. तुमच्या बागेत बायका घड औषधाच्या कपात बुडवत होत्या, मणी फुगायला. मी म्हणालो, हे औषध जादा झालं की काय होतं? देठ लाकडागत होतो, मणी गळतो. तसंच आत झालंय, अक्का. वाढीचाच अतिरेक.

तू हातातला घड सोडलास. "द्राक्षाचं द्राक्षापाशी ऱ्हाऊ दे. हितं आमी औषध मापून घालतो. आत मापाडी कोन हाय?"



तू इकडंतिकडं बघितलंस. बायका पुढच्या ओळीत गेल्या होत्या. माझा हात धरलास आणि पदरावरून तिथं ठेवलास. इतक्या वर्षांत मी कधी हात लावला नव्हता. थोरल्या बहिणीच्या पोटाला कोण हात लावतो? "आधी कणकंगत हुती," तू म्हणालीस. "आता बघ." कच्च्या कवठासारखी लागली मला. लहान, टणक, आणि बोटांखाली किंचित धडधडणारी. माझ्याच अंगात पंचवीस-तीस वर्षं वाढलेला तुकडा, आणि हाताला अजिबात ओळखीचा वाटला नाही. मी हात काढला. तू म्हणालीस, "भ्यालास व्हय?" मी म्हणालो, नाही. भ्यालो होतो.

शेवटच्या वेळी तुला सांगलीला भरती केलं तेव्हा पुन्हा रक्त गाळायचं मशीन लावायचं चाललं होतं आणि तुझा जीव त्याला कंटाळला होता. दाजी खिडकीपाशी मोसंबी सोलत होते. तू म्हणालीस, "तान्या, मी गेले की ही काढून घ्यायची."

"काय काढून घ्यायची?"

"तुझी तुला. डॉक्टरला आताच सांगून ठिव. सासरच्या सरणावर माहेरची जिती वस्तू जळायची न्हाई."

"माहेरचं लुगडं जळतंच की बाईबरोबर."

"लुगड्याला जीव नसतोय. आन् लुगड्याची जोडी साताऱ्यात शाळा शिकवत नसती."

"घेऊन काय करू मी? शाळेत बरणीत ठेवू?"

"ठिव की. बेडकाशेजारी. पोरास्नी सांग, ही माझी अक्का." आणि तुला हसू आलं, हसताना खोकला आला, दाजी मोसंबं टाकून धावले. खोकला थांबल्यावर तू माझं मनगट पकडलंस. हसू गेलं होतं. "ही हिला घिऊन जाईल रं. एक दुसरीला कळीवतीया, तू समक्ष ऐकलंयस. पोरंबाळं हायती तुला. शबुद दे."

"तू घरी यायची आहेस."

"शबुद दे."

मी दिला नाही. तो दिला असता तर तू जाणार हे मी कबूल केलं असतं, आणि तुझ्या तोंडावर ते माझ्याच्यानं होणार नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मला रागही आला होता. एवढी शिकवणी घेतली तुझी, आणि शेवटी तू गाय-वासरावरच गेलीस. मी चहा आणतो म्हणून बाहेर पडलो.

चहा नाही आणला. डॉक्टरांच्या खोलीत गेलो आणि विचारलं. हो, मी विचारलं, अक्का. बीएस्सी असून, तोंड पाडून विचारलं. ते हसले नाहीत. म्हणाले, तशी परवानगी घेऊन काढता येईल. पण काढली तर तुमच्या हातात काय येईल? तुमच्या गाळण्या जवळपास संपल्यात. आत शिरलेल्या पेशी तुमच्या बहिणीच्या रक्तातल्या. हा सगळा व्रण तिच्याच शरीरात, तिच्याच रक्तावर विणला गेला. घर तुमचं होतं. आत वस्ती तिची झालीय.

मग उठलो, तुला हे सांगायला निघालो. म्हणजे भांडण मिटतंय, असं मला वाटलं. तुला परत द्यायला माझं काही उरलंच नाही. जिन्यात माझं वाक्यही तयार झालं होतं. आलो तर तू झोपली होतीस. दाजींनी ओठांवर बोट ठेवलं. उठेल तेव्हा सांगू म्हणून मी बसून राहिलो. तू उठली नाहीस. दुसऱ्या दिवशी दुपारी गेलीस, त्याच झोपेत, उजवा हात पदराखाली.

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. "काय करायचं?" एवढंच म्हणाले. दाजींनीही बघितलं. मी म्हणालो, "राहू दे."

लुगडं शोभानं आणलं, हिरवं, तुला आवडायचं तसल्या काठाचं. रीतीप्रमाणं माहेरचं म्हणून ते वर घातलं. सरण रचलं, दाजींनी अग्नी दिला. आणि मग एक गोष्ट झाली, ती तुला सांगितली पाहिजे, कारण तुझी पाठ तिकडं होती. लोक सरणाकडं बघत नव्हते. सगळे माझ्याकडं बघत होते.

शंभरभर माणूस असेल. धूर वर चाललाय, लाकूड तडतडतंय, आणि एवढे डोळे माझ्या कमरेवर. तुमचे शेजारी अण्णा जवळ आले. "मास्तर, वाईच लांब हुबं ऱ्हावा."

"का?"

"न्हाई, झळ लागंल."

मी हललो नाही. थोड्या वेळानं मागून कुणीतरी हळूच विचारलं, "काय हुतंय का ओ?" त्या आवाजात काळजी होती, आणि थोडी वाट बघणंही होतं.

काही झालं नाही. पाठीत कळ आली नाही, चमक आली नाही, घेरी आली नाही. मी आत कान लावून उभा होतो, अक्का. लहानपणी रेल्वेच्या रुळाला कान लावायचो तसा. डावी गेली तेव्हा हिला आपोआप कळलं होतं, कुणी न सांगता ती वाढली होती. आता तू जळत होतीस आणि हिला पत्ताच नव्हता. लोक ज्याला भीत होते त्याचं मला भय नव्हतं. काहीच होत नाही, याचं भय वाटलं. तिथं उभं राहून मला वाटलं, हाक येऊ दे. एकदाच, बारीकशी, पण येऊ दे.

नाही आली.

तिसऱ्या दिवशी सकाळी राख सावडायला गेलो. बायकाही आल्या होत्या, शोभा त्यांच्यात. दाजी आमच्या आधीच जाऊन उकिडवे बसले होते. कुणाला हात लावू दिला नव्हता. मी जवळ गेलो तसे त्यांनी केळीचं एक पान माझ्यापुढं केलं. पानावर ओंजळभर राख.

"पाव्हणं, डोकं हिकडं हुतं, पाय तिकडं," त्यांनी बोटानं दाखवलं. "ही उजव्या अंगाची, कमरंजवळची. तुमची."

मी हात पुढं केला नाही.

"तिनं माझ्याकडनं शबुद घेतला. म्हणाली, तान्या लय शिकल्याला हाय, तो देनार न्हाई. तुमी द्या. दवाखान्यात तुमी ऱ्हाऊ दे म्हणालासा. तुमच्यावरनं मी कसं बोलनार? पर शबुद तर दिल्याला. मग ही बघा, जमली तशी."

शोभानं मला डोळ्यांनी खुणावलं, घ्या. अण्णाही म्हणाले, "घ्या मास्तर. तुमची तुमच्याजवळ असल्याली बरी." मी पान हातात घेतलं. दवानं राख जरा दमट झाली होती, आणि तरीही काही वजन नव्हतं.

"दाजी, यात माझं काही नाही," मी म्हणालो. आणि डॉक्टर जे म्हणाले होते ते सगळं त्यांना सांगितलं. धागे, व्रण, तुझ्या रक्तातल्या पेशी, आतली वस्ती. बायकांनाही ऐकू जाईल असं सांगितलं.

दाजींनी शेवटपर्यंत ऐकलं. "म्हंजी तिचीच झाल्याली."

"हो."

"तिला ठावं हुतं?"

"नाही. सांगायला आलो तर झोपली होती."

"मग आता सांगा की."

मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. चेष्टा नव्हती. एवढ्या माणसांत, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून मी त्या राखेपाशी उकिडवा बसलो आणि जिन्यात तयार केलेलं वाक्य बोललो. अक्का, ती तुझी आहे. जिन्यात याहून चांगलं होतं. तोंडातून एवढंच आलं.

मग पान उलटं केलं. दाजींनी वरून हात फिरवला, वाफ्याची माती सारखी करतात तसा, आणि जिथनं काढली होती ती जागा मोडली. अण्णांनी विचारलं, "कुठली हुती ओ ती?" दाजींनी दाखवायला बोट उचललं, थोडा वेळ तसंच धरलं, आणि खाली घेतलं.